पुठ्ठ्यांवरचं इंजिन

साल दोन हजार सहा. महिना फेब्रुवारी, वार मंगळवार. तारीख तिच्या लक्षात राहिली नाही, वार राहिला, कारण मंगळवारी सकाळी त्यांच्या गल्लीत कचऱ्याची गाडी यायची आणि त्या दिवशीही ती वेळेवर येऊन गेली होती. दुपारी साडेतीनच्या सुमाराला तिचा नवरा हर्नियाचं ऑपरेशन करून आठ दिवसांनी घरी आला. टॅक्सीतून उतरला, पोटाला हात लावून क्षणभर उभा राहिला, आणि घराच्या पायऱ्या न चढता सरळ गॅरेजकडे वळला. हे तिला ठाऊकच होतं. ती पिशवी घेऊन मागोमाग गेली, ओठ दाबून, हसू आवरत. त्याने सरकतं दार ढकललं, चाचपडत दिवा लावला आणि मान डावीकडे कलती करून आत पाहिलं. फरशी धुतलेली. भिंतीला नवी फळी. फळीवर ओळीने सदतीस काचेच्या बरण्या, प्रत्येकीवर पांढरी पट्टी आणि पट्टीवर तिच्या सुबक अक्षरात जाडी आणि लांबी. मधोमध ती गाडी, दोन दारांची, बुटकी, पोट रिकामं करून ठोकळ्यांवर चढवलेली. त्याने फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवली. मग म्हणाला, "पुठ्ठे कुठे गेले?"

"अहो, ते तेलाने नुसते चिंब झाले होते. वासही मारत होते. आज सकाळी कचऱ्याच्या गाडीत दिले."

"सगळे?"

"सगळे. एकतीस होते," ती म्हणाली. मोजण्याची सवय तिच्या हाडीमाशी खिळलेली होती.

त्याने स्टूल पुढे ओढलं आणि हळूच बसला, टाके सांभाळत. एक बरणी उचलली, हलवून आवाज ऐकला, परत जागेवर ठेवली. "छान केलंस," तो म्हणाला.

त्या दोन शब्दांचा तिला आधी आनंदच झाला. मग त्याच्या डाव्या हाताकडे तिचं लक्ष गेलं. तो हात फळीखालच्या भिंतीवरून फिरत होता, जिथे एकाला एक टेकवून पुठ्ठे उभे असायचे तिथून, वरून खाली, मग परत वर. भिंत कोरी होती. तिने ती साबणाने घासली होती. हात तरीही फिरत राहिला. काय चुकलं ते तिला अजून कळलं नव्हतं. चुकलं एवढं कळलं होतं. "बोल्ट एकही टाकला नाही मी," ती घाईघाईने म्हणाली, "वॉशरसुद्धा नाही. सहाशे चौदा आहेत. मोजून घ्या हवं तर." "बोल्ट कुठे जातायत," तो म्हणाला. "बोल्ट आहेतच. कुठला कुठे लागतो, ते गेलं." आवाजात राग नव्हता. पाऊस येणार आहे, एवढंच सांगावं तसं तो ते म्हणाला, आणि मग म्हणाला, "चल, चहा घेऊ."

एकोणिसाव्या वर्षी ती छापखान्यात लागली होती आणि पुढची चोवीस वर्षं तिने शिशाच्या खिळ्यांत काढली. खणाखणांच्या उतरत्या लाकडी केसपुढे उभं राहायचं, डाव्या हातात ओळ धरायची स्टिक, उजव्या हाताने खणातून एकेक अक्षर उचलून ओळ जुळवायची. लोकांना वाटतं जुळवणं हे कौशल्याचं काम. तसं ते आहेच. पण खरी परीक्षा नंतरची. छापून झालेला मजकूर मोडून प्रत्येक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा, न बघता, नुसत्या अंगठ्याच्या चिमटीने, हात पाण्यासारखा वाहिला पाहिजे. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. अख्खं पान ती चहा गार व्हायच्या आत रिकामं करायची. फोरमन म्हणायचा, "पोरी, सोडताना वाचू नकोस. वाचलंस की हात अडखळलाच." म्हणून ती वाचायची नाही. कुणाची लग्नपत्रिका, कुणाची शोकसभेची सूचना, कुणाच्या कविता. बोटांखाली सगळं सुटं व्हायचं आणि संध्याकाळी हात धुताना तिला एक शब्द आठवायचा नाही. क हा क असतो. या ओळीतला काय आणि त्या ओळीतला काय. कुठलाही क दुसऱ्या कुठल्याही क-च्या जागी चालतो, यावरच तर सगळा छापखाना उभा असतो. नवरा दवाखान्यात असताना त्या आठांतल्या सहा दिवसांत तिने पुठ्ठ्यांमधून बोल्ट उपसले तेव्हा तिच्या हातांना सतरा वर्षांनी आपलं काम सापडलं होतं. सकाळी दवाखान्यात डबा देऊन यायची आणि दुपारी गॅरेजमध्ये स्टूलवर बसायची. अंगठा आणि तर्जनीत धरला की लांबी कळत होती, पट्टी लावून बघितली तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक नाही. ती गुणगुणत होती म्हणे. शेजारच्या लेथवाल्या टर्नरने तिला नंतर सांगितलं, "वहिनी, मला वाटलं रेडिओ लावलाय."

पुठ्ठ्यांवर काहीतरी काढलेलं आहे हे तिला दिसत नव्हतं असं नाही. कडेकडेने पेन्सिलीची रेघ असायची, वाकडी, तेलात विरलेली. पण तिने ती वाचली नाही. तिचा नवरा आयुष्यभर लिफ्टच्या दुरुस्तीत होता. उंच उंच इमारतींच्या माथ्यावरच्या खोलीत बसून मोटर सोडवायची, आणि सोडवलेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर. आधी त्या भागाचा आकार काढायचा, आकारात जिथे भोक तिथे पुठ्ठ्याला भोक पाडायचं, आणि बोल्ट त्यातच खुपसून ठेवायचा. एक शब्द लिहायचा नाही. तो सांगायचा, वरती वाऱ्यात कागद उडतात, घामात शाई फुटते, पण पुठ्ठ्यात रुतलेला बोल्ट सांगतो मी कुठला. गेल्या दीड वर्षात तर तो पुठ्ठ्यांकडे बघतही नसे. मांडीवर घ्यायचा, तळवा फिरवायचा आणि म्हणायचा, हं, हा पाण्याचा पंप. तिला वाटायचं, किती सराव आहे. सराव नव्हता तो. डोळे नव्हते.

दोन्ही डोळ्यांचं मधलं जात चाललं होतं. डोळ्यांची डॉक्टरीण तिच्या मुलीपेक्षाही लहान होती. तिने नेहमीच्या शांतपणे कागदावर एक गोल काढला आणि मधोमध पेनाने ठिपका गिरवत मोठा केला. "कडेकडेचं दिसत राहील, काका. चालता फिरता येईल. पण वाचणं, बारीक काम, माणसाचा चेहरा, हे मधलं असतं." त्याने विचारलं, "बोल्टचे आटे दिसतील का?" डॉक्टरणीला आटे म्हणजे काय ते कळलं नाही. त्याने खिशातून बोल्ट काढून दाखवला. त्याच्या खिशात एखादा असायचाच. तिने बोल्ट उजेडात धरला, बोटाने ते मळसूत्र चाचपलं आणि म्हणाली, "वर्षभर. फार तर दीड." हे आधीच्या हिवाळ्यातलं. घरी येताना बसमध्ये तो म्हणाला, "म्हणजे वेळ आहे." दोघंही खिडकीबाहेर बघत होते. "गाडी मी बांधून काढीन. मी स्वतः. एकदा चालू केली की मग काय ते होऊ दे." तिने नुसता त्याच्या हातावर हात ठेवला, आणि त्या दिवसापासून घरात एकच गोष्ट चालू होती. भाजी आणणं, बिलं भरणं, मुलीचा फोन, हे सगळं त्या गोष्टीच्या कडेकडेने चालत होतं.

गाडी त्याची नव्हतीच मुळात. धाकट्या दिराची. ऐंशीच्या दशकात त्याने ती हौसेने घेतली, जपून कमी आणि मिरवत जास्त चालवली, आणि चार वर्षांत तिचा टर्बो जाम केला. टर्बो म्हणजे काय हे नवऱ्याने तिला स्वयंपाकघरात दोन बश्या घेऊन समजावलं होतं: इंजिनाचा धूर बाहेर पडताना एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा कोंबून इंजिनात भरतो. "म्हणजे स्वतःच्याच उसाशाने जोर घ्यायचा," ती म्हणाली होती. "तसंच," तो म्हणाला, "पण मिनिटाला लाख फेरे." दीर गाडी दोरीने ओढत घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, आठ दिवस ठेवतो तुझ्याकडे." मग परदेशात नोकरी लागली. ते आठ दिवस सोळा वर्षं चालले. दर रविवारी फोनवर तो विचारायचा, "वहिनी, आहे का आमची?" आणि ती म्हणायची, "आहे की. जेवायला तेवढी मागत नाही." निवृत्तीनंतर महिनाभर नवरा घरात नुसता येरझारा घालत होता. मग एक दिवस त्याने ताडपत्री ओढली. दीर म्हणाला, "तुला देऊन टाकली, दादा. चालू झाली तर मला एक चक्कर मार." तीन वर्षं लागली त्याला ती गाडी पूर्ण सोडवायला. घाई नव्हती तेव्हा.

टर्नर म्हणजे तीन घरं सोडून राहणारा, परसात लेथ टाकून बसलेला माणूस. तो नवऱ्याला उस्ताद म्हणायचा, आणि सगळ्यांची थट्टा करायचा, स्वतःच्या टकलापासून सुरुवात करून. त्याने टर्बोच्या दांड्यासाठी नवी बुशं, दांडा ज्यांत फिरतो त्या नळ्या, करून दिली होती. आदल्या डिसेंबरात नवऱ्याने तो टर्बो जुळवला आणि तिला हाक मारली. "फुंक," म्हणाला. ती म्हणाली, "काहीतरीच." "अगं, फुंक तरी." तिने ओंजळीएवढ्या त्या धातूच्या शंखाला तोंड लावून फुंकर घातली आणि आतला पंखा आवाज न करता फिरू लागला, फिरतच राहिला, तिची फुंकर संपून तिने श्वास घेतला तरी. नवरा मान कलती करून बघत होता. टर्नर म्हणाला, "उस्ताद, कोंबडी दाण्याकडे बघते तसं बघू नका, नजर लागेल." तिघंही हसले. ती ते हसणं पुष्कळदा आठवते. त्यात काही विशेष नव्हतं.

बरण्यांच्या त्या मंगळवारनंतर टर्नर आला, गॅरेजच्या दारात उभा राहिला, आणि पहिल्यांदाच त्याला थट्टा सुचली नाही. डोकं खाजवत म्हणाला, "कंपनीचं पुस्तक?" पुस्तक गाडीबरोबर आलंच नव्हतं. मुलीने तिच्या ऑफिसमधून संगणकावरची चित्रं छापून आणली, चांगली चाळीस पानं. ती दोन वर्षांनंतरच्या गाडीची निघाली. अर्धं जुळत होतं, अर्धं नाही, आणि कुठलं अर्धं ते कळायला मार्ग नव्हता. मुलगी स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "आई, तू मुद्दाम थोडीच केलंस. आणि गाडीच आहे शेवटी." गाडीच आहे, हे खरं होतं. ती भांडं घासत राहिली. छापखान्यात तिने एकदा असंच केलं होतं. एकाहत्तर साली, भूगोलाच्या पाठ्यपुस्तकाची सोळा पानं दुरुस्त्या व्हायच्या आधीच सोडून मोकळी झाली. रडत फोरमनपुढे उभी राहिली. त्याने खणातून कागदांचं बाड काढलं आणि तिच्यापुढे आपटलं. "हस्तलिखित आहे ना? मग रडतेस कशाला. जुळव परत." नऊ दिवस लागले, सगळ्या बायकांनी हात लावला, सोळा पानं परत उभी राहिली, नद्या, पर्वत, पर्जन्यमान, सगळं. या वेळी हस्तलिखित तेवढंच होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाला दिलं होतं. वर त्याला म्हणाली होती, सांभाळून, तेल लागेल कपड्यांना.

उपाय टर्नरनेच सांगितला. भोकात सायकलच्या चाकाची काडी घालायची, किती आत जाते ते मोजायचं, त्यात वर बसणाऱ्या भागाची जाडी मिळवायची. जो आकडा येईल तेवढ्या लांबीचा बोल्ट. सोपं होतं. फक्त काडीवरची खूण नवऱ्याला दिसत नव्हती. म्हणून ती त्याच्याबरोबर गॅरेजमध्ये बसू लागली. मार्च गेला, एप्रिल, मे. सकाळी नऊला ती पदर खोचून उतरायची. तो म्हणायचा, "वरून दुसरं," ती काडी घालायची, पट्टीवर धरायची, "बत्तीस," ती म्हणायची, आणि बरणीतून बत्तीसचा बोल्ट काढून त्याच्या तळव्यावर ठेवायची. तो आटे बोटाने चाचपायचा, पहिले दोन फेरे हातानेच फिरवायचा, मग पाना. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि इतका वेळ ती दोघं एका खोलीत कधी बसली नव्हती. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं किती गोड म्हातारा-म्हातारी. ती प्रत्येक बोल्टबरोबर मनात म्हणायची, आता बोलेल. आता पाना खाली ठेवेल आणि म्हणेल, कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला. ते तिला हवं होतं. चक्क हवं होतं. तिने दुसरीकडून भांडणं उकरून काढली, टॉवेल ओला टाकला म्हणून, रेडिओ मोठा लावला म्हणून, आमटीत मीठ जास्त आहे हे त्याने सांगितलं नाही म्हणून. तो म्हणायचा, "चुकलं माझं." या माणसाने लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना वरून ओरडून गप्प केलेलं तिने ऐकलं होतं. पण तिच्यापुढे तो मऊ झाला होता, आणि त्या मऊपणावर कुठेही डोकं आपटता येत नव्हतं.

आणि दिवस मोजलेले होते. जूनमध्ये त्याने एकदा नट समजून बाटलीचं झाकण उचललं आणि बोटात कळल्यावर मुकाट्याने ठेवलं. ऑगस्टमध्ये टर्नर समोर येऊन उभा राहिला तर हा म्हणाला, "कोण?" टर्नर म्हणाला, "पोलीस. गाडी चोरीची आहे असं कळलं." हसला तो, पण तिने टर्नरचा चेहरा पाहिला. सप्टेंबरात इंजिनाचा खालचा भाग पूर्ण झाला. पिस्टन आत गेले, त्यांच्यावर इंजिनाचं डोकं चढलं. गाडीला आकार येऊ लागला आणि तिच्या छातीवरचं ओझं थोडं थोडं हलकं होऊ लागलं. पाप फिटेल, असं काहीतरी तिला वाटायला लागलं होतं, जरी तो शब्द तिने स्वतःशीही उच्चारला नाही. काडी कधी खोटं बोलली नव्हती. तीनशेच्या वर बोल्ट बसले होते, एकही चुकला नव्हता. तिचा आवाजसुद्धा बदलला होता. "अठ्ठावीस," ती ठणकावून म्हणायची, फोरमनला प्रूफ वाचून दाखवताना म्हणायची तशी.

नोव्हेंबरातली दुपार. इंजिनाच्या तोंडावरचं मोठं झाकण बसवायचं होतं, अकरा बोल्टचं. आठ बसले. तो गुडघ्यांवर होता, गाल जवळजवळ धातूला लावून, कारण आता कडेनेच जे दिसेल ते. "खाली डावीकडचं," तो म्हणाला. तिने काडी घातली. काडी गेली, गेली आणि जातच राहिली. "पन्नासच्या वर आहे," ती म्हणाली, "पंचेचाळीसचा लावा, त्याहून लांब बरणीत नाहीच." त्याने हात पुढे केला नाही. "मला वाटतं, खाली डावीकडे तीन आखूड होते."

"आखूड कसे असतील? काडी बघा ना किती आत जाते."

"पुठ्ठ्याचा खालचा डावा कोपरा हलका लागायचा. असं हातात धरलं की." त्याने हवेत दोन्ही हात धरून दाखवलं, नसलेला पुठ्ठा, आणि डावा हात किंचित वर उचलला.

तिने त्या हातांकडे पाहिलं. खरं म्हणजे तेव्हा थांबायला हवं होतं. टर्नरला हाक मारायला हवी होती, तो घरातच होता. पण नऊ महिने काडी बरोबर आली होती, आणि नऊ महिने ती वाट बघत होती की एकदा तरी पुठ्ठ्यांशिवाय सगळं बरोबर निघेल. "अहो, तीनशे बोल्ट बसलेत माझ्या मापाने," ती म्हणाली. "काडी दिसतेय मला. तुम्हाला नुसतं वाटतंय."

तो म्हणाला, "असेल. तुला दिसतंय म्हणजे असेल तसं." आणि तळवा पुढे केला.

बोल्ट हाताने सहज आत गेला, झाकणाला टेकायला बोटभर राहिला आणि अडला. आटे जुने आहेत, असं त्याला वाटलं असावं. त्याने पाना लावला. फार जोर लावलाच नाही त्याने. जोर कधी लावावा हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. लहानसा आवाज झाला, अंडं बशीच्या कडेवर टिचकवावं तेवढा. त्याचा हात जिथल्या तिथे थांबला. तो तसाच गुडघ्यांवर राहिला, पाना धरून, आणि तिला कळेना की हा उठत का नाही. मग त्याने पाना फरशीवर ठेवला, न वाजवता.

टर्नरने बॅटरी लावून, आरसा घालून पाहिलं. ते भोक आरपार होतं. पलीकडे तेलाच्या वाटेची भिंत, नखाएवढ्या जाडीची, आणि लांब बोल्टचं टोक तिच्यात घुसून तिला उभी भेग गेली होती. काडीला भिंत लागलीच नव्हती, ती कडेने निसटून पुढे जात होती. "अॅल्युमिनियम आहे, उस्ताद. वेल्डिंग होतं हल्ली," टर्नर म्हणाला, "फक्त इंजिन परत खाली घ्यावं लागेल. परत सगळं सोडायचं." "सगळं," नवरा म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला. टर्नर म्हणाला, "मी आहे की. आपण तिघं मिळून." "हो," नवरा म्हणाला, "बघू. उन्हाळ्यात घेऊ." उन्हाळ्यात त्याला काय दिसणार होतं हे तिघांनाही ठाऊक होतं. तो बेसिनपाशी गेला आणि हात धुवायला लागला, रॉकेलने, मग साबणाने, नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट, एखादं काम पूर्ण करून उठलेला माणूस धुतो तसे. ती टॉवेल घेऊन मागे उभी होती. तिला म्हणायचं होतं, मारा मला. सव्वातीन वाजले होते. ती म्हणाली, "चहा टाकू?" तो म्हणाला, "टाक."

गॅरेजचं दार त्यानंतर बंद राहिलं. दोन हजार आठ साली मुलीने कुठून तरी एक दाढीवाला शोधून काढला, ज्याचा जुन्या गाड्यांचाच कारखाना होता. तो ट्रक घेऊन आला आणि गाडी, सुटे भाग, बरण्या, सगळं घेऊन गेला. बरण्यांबद्दल त्याने तिचं फार कौतुक केलं. त्याच्याकडे मोठं भिंग होतं, कंपनीचं पुस्तक होतं आणि चार माणसं होती. पाच महिन्यांत त्याने ती गाडी उभी केली आणि माणुसकीने दाखवायला घेऊन आला. लाल रंग लावला होता. नवऱ्याला तिने हाताला धरून बाहेर नेलं, शेजारच्या सीटवर बसवलं. दोघं मोठ्या रस्त्याला जाऊन वीस मिनिटांनी परत आले. तो उतरेपर्यंत दाढीवाला किल्ली फिरवायला गेला तर नवरा म्हणाला, "थांबा. लगेच बंद करू नका. पंखा गरम आहे, दोन मिनिटं तेल फिरू दे." दाढीवाला ओशाळला, म्हणाला, "बरोबर आहे, काका." मग ती दोन मिनिटं सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहिले, गाडीभोवती, इंजिन चालू. नवऱ्याने बॉनेटवर तळवा ठेवला होता. "कशी वाटली?" तिने विचारलं. तो म्हणाला, "काम चांगलं केलंय त्यांनी."

दिराला ती चक्कर मिळाली नाही; तो तिकडे परदेशातच, भावाच्या आधी गेला. दाढीवाल्याने गाडी पुढे एका डेंटिस्टला विकली आणि तिचा पत्ता तिथे संपला. टर्नरचे हात कापायला लागल्यावर मुलांनी लेथ काढून टाकला. तो अजून आहे, गल्लीत भेटला की स्वतःला भंगार म्हणवतो. डोळ्यांची डॉक्टरीण मोठ्या इस्पितळात गेली. मुलीने नोकरी बदलली, नवरा बदलला, आणि आता ती स्वतः चष्मा लावते. दर सहा महिन्यांनी डोळे तपासून घेते आणि निकाल आईला फोनवर सांगते, आईने विचारायच्या आधी.

नवरा दोन हजार पंधरा साली वारला, झोपेत. शेवटच्या वर्षांत सकाळी ती त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, पहिल्या पानापासून, जाहिरातींसकट. अशाच एका सकाळी, मधेच, तो म्हणाला, "सहा दिवसांत सोडवलेस तू ते सगळे पुठ्ठे?"

ती थांबली. "हो," ती म्हणाली, "पाचच. सहाव्या दिवशी पट्ट्या लिहिल्या."

"मला तीन वर्षं लागली होती," तो म्हणाला.

तिने वर्तमानपत्र खाली घेतलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नजर गेल्यापासून त्याचा चेहरा सपाट झाला होता, समोरच्याचा चेहरा दिसत नसला की माणूस आपलाही चेहरा हलवायचा विसरतो तसा. त्यावर हसू होतं की नऊ वर्षांनी आलेला राग, ते तिला त्यावरून कळेना. ती वाट बघत राहिली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "वाच ना. थांबलीस का?"